स्वल्पविराम हरला

प्रिय बंड्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. आज लिहायला बसलो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील.

आपला वर्गणीच्या पावत्या छापायचा, पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम आठवतो? यंदा पोरांनी तो परत मागितला. माझ्या लॅपटॉपवर पायथनची नवी आवृत्ती, ३; तिथे प्रिंट या छापायच्या आज्ञेला कंस लागतात, म्हणून सगळ्या प्रिंटांना कंस घातले. झकास चालला. मंडळाच्या जुन्या मशीनवर मात्र अजून जुनी आवृत्ती, २.७. तिथे पहिली ओळ, मंडळाचं नाव, नीट उमटली आणि मी निर्धास्तपणे चहाला गेलो. येतो तर नाना पावती धरून उभे. नावाच्या जागी कंस, अवतरणचिन्ह, आणि पुढे बॅकस्लॅश एक्स ई शून्य, बॅकस्लॅश एक्स ए चार... नुसत्या 'गोविंद'ची ७२ चिन्हं! "पाचशे एक दिलेत रे, ही कुणाची कुंडली?"

तुझ्या लक्षात आलंच असेल. २.७ मध्ये प्रिंट हे फंक्शनच नाही. कंसात एकच गोष्ट असली तर कंस शोभेचे, म्हणून पहिली ओळ वाचली. नावाच्या ओळीसारखा आत स्वल्पविराम आला की झालं टपल, म्हणजे कंसातली यादी, आणि टपल छापताना देवनागरीचा एकेक बाइट, म्हणजे अक्षरामागचा सांकेतिक तुकडा, उघडा पडतो. स्वल्पविरामाऐवजी अधिकच्या चिन्हाने जोडलं असतं तर दोन्हीकडे एकच स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, भानगडच नाही.

हो, तू हॉस्टेलवर हेच सांगत होतास. मी म्हणायचो, स्वल्पविराम जागा आपोआप सोडतो, आकडाही चालवून घेतो. तुझ्या अधिकपायी दर रकमेला एसटीआर, म्हणजे आकड्याचा मजकूर करणारी आज्ञा, गुंडाळत बसा. त्यावरून आठवडाभर अबोला. मेसचं बिल मात्र माझ्याकडूनच भरून घेतलंस!

मजकुरातच नाव-रक्कम भरायची एफ-स्ट्रिंग सुचवू नकोस, ती ३.६ पासूनची. वर फ्यूचरमधून, म्हणजे नव्या आवृत्तीतल्या सोयी जुनीत आणणाऱ्या भागातून, प्रिंट फंक्शन आणायची एक ओळ टाकली असती तरी २.७ वर भागलं असतं. पण मी रात्री बसून एकूण एक स्वल्पविराम काढला आणि अधिक घातले. का, ते विचारू नकोस.

२.७ ची देखभाल १ जानेवारी २०२० लाच थांबली, हे खजिनदारांना सांगितलं. म्हणाले, "पंखा तरी कुठे वॉरंटीत आहे?"

नवी नोकरी कशी? आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार.

नानांची ती पावती सोबत पाठवणार होतो, पण ते द्यायला तयार नाहीत. येईल त्याला दाखवतात.

तुझा,
पम्या