अस्वल, बायसन आणि एकोणतीसचा पाढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाठीवर सॅक टाकून एकट्याने रानावनांत भटकण्यावरचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह आवडला, मीही त्याच वेडाची. पण सोबतच्या चौकटीतल्या सूचना मी चष्मा पुसून दोनदा वाचल्या. मोठे जनावर दिसले तर जवळच्या झाडावर चढा. अस्वल दिसताच मेल्याचे सोंग घ्या. आणि प्राणी बिथरू नयेत म्हणून आवाज न करता चाला. उद्या कुणी ही चौकट कापून खिशात घालून निघाले तर? म्हणून हे पत्र.

मी साठीला टेकलेली बाई. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्लू क्रीकच्या खोऱ्यात चार दिवस एकटी चालले. तिथे रानात मुक्काम करायचा तर आधी परवाना घ्यावा लागतो, आणि तो देण्यापूर्वी एक चित्रफीत दाखवतात. ती संपल्यावर रेंजरने विचारले, किती जण? मी एक बोट वर केले. त्याने अडवले नाही. फक्त म्हणाला, "मग तुम्हाला खूप बोलावे लागेल."

मी हसले होते. एकतीस वर्षे रोज सहा तास बोलून झाल्यावर मी तिथे गेलेच होते मुळी गप्प बसायला! पण उद्यानाची आकडेवारी सांगते की १९७० पासून तिथे अस्वलांकडून जखमी झालेल्यांपैकी ९१ टक्के लोक एकटे किंवा जेमतेम एका सोबत्याबरोबर चालत होते. तिघेचौघे असले की बडबड आपोआप होते आणि अस्वलाला ती लांबूनच कळते. एकटा माणूस गप्प असतो. वळणावर तो अस्वलाच्या पुढ्यात अचानक उगवतो, आणि दचकलेले अस्वल काय करील याचा नेम नसतो. सॅकला घुंगरू बांधून काम भागत नाही, तो आवाज फार बारीक. माणसाचाच आवाज हवा, आणि मोठ्याने.

काय बोलायचे? गाणे मला येत नाही. मग पाढे सुरू केले. पंचवीसपर्यंत गाडी सरळ गेली. एकोणतीसशी अडखळले, आणि एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीच्या पुढे दरवेळी बोटे मोजायला थांबू लागले. विद्यार्थ्यांनी ऐकले असते तर सूड उगवल्याचे समाधान मिळाले असते त्यांना.

पहिल्या दिवशी वाटेतच बायसन, म्हणजे आपल्या गव्यासारखे तिथले दांडगे जनावर, उभा होता. एकटा नर. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोपर्यंत जाते, आणि तो ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतो. दिसायला मात्र इतका सुस्त की जाऊन पाठ थोपटावीशी वाटते. तिथे सगळ्यांत जास्त माणसे याच जनावराने जखमी केली आहेत, अस्वलाने नव्हे. नियम असा की बायसन आणि एल्क (तिथले मोठे हरीण) यांच्यापासून निदान २३ मीटर, तर अस्वल आणि लांडगा यांच्यापासून ९१ मीटर लांब राहायचे. रानात टेप कोण लावणार? त्यासाठी अंगठ्याची युक्ती आहे. हात समोर ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा. अख्खे जनावर अंगठ्याआड लपले तर अंतर पुरेसे. वर्गात असते तर फळ्यावर समरूप त्रिकोण काढले असते. अंगठा दोन सेंटिमीटर रुंद, डोळ्यापासून साठ सेंटिमीटरवर, म्हणजे एकास तीस. आडवा उभा असलेला तीन मीटरचा बायसन नव्वद मीटरवर अंगठ्याआड जातो. माझा चार अंगठे भरत होता. म्हणजे मी नियमाच्या अगदी काठावर!

त्याने शेपटी उचलली. ती उचलली की समजायचे, तुम्ही फार जवळ आला आहात. मी मागे सरले, वाट सोडून गवतातून मोठा वळसा घेतला. त्यात अर्धा तास गेला. त्याने वाट काही सोडली नाही, आणि का सोडावी?

अस्वल तिसऱ्या दिवशी भेटले. दुपार टळलेली, पाय भरून आलेले. वाट ओढ्याला खेटून वाळुंजाच्या झुडपांतून जात होती. पाण्याचा खळखळाट इतका की माझे पाढे मलाच ऐकू येईनात, म्हणून ते थांबवले. ही पहिली चूक. आवाज जिथे बुडतो तिथेच तो वाढवायला हवा होता. वारा समोरून येत होता, म्हणजे माझा वासही त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. वळण घेतले आणि चाळीस पावलांवर ग्रिझली, तिथल्या दोन जातींच्या अस्वलांपैकी मोठे. पुढच्या पायांनी माती उकरून कंद काढत होते. खांद्यावरचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. ग्रिझली ओळखायची खूण तीच, रंगावर जाऊ नये. काळे अस्वल म्हणतात तेही पुष्कळदा तपकिरी असते.

ते मागच्या पायांवर उभे राहिले. त्या क्षणी मला वाटले, आता संपले. वास्तविक अस्वल उभे राहते ते नीट बघायला आणि वास घ्यायला, झेप घ्यायला नव्हे. चित्रफितीत ते सांगितले होते आणि मी लिहूनही घेतले होते. पण वहीतले ज्ञान गुडघ्यांपर्यंत उतरायला वेळ लागतो.

दुसरी चूक याहून मोठी. मिरचीच्या अर्काचा फवारा, ज्याला तिथे बेअर स्प्रे म्हणतात, माझ्याकडे होता, पण तो कमरेला टोचतो म्हणून सकाळीच सॅकच्या बाजूच्या कप्प्यात टाकला होता. अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्यांतलेच) फवारा वापरला त्यांपैकी ९२ टक्के प्रसंगांत अस्वल थांबले, असे त्यात आढळले. पण त्यासाठी फवाऱ्याचा डबा हाताशी हवा. फवारा जातो सात ते नऊ मीटर, आणि अस्वलही बायसनच्याच वेगाने धावते. हिशेब करा, सॅक उतरवून चेन उघडायला वेळ कुठे आहे?

मी पळाले नाही. यात शौर्य नाही, पाय हललेच नाहीत. मग हळू आवाजात बोलू लागले, "जाते हं, जाते मी," असेच काहीतरी, वर्गातल्या रडव्या पोराशी बोलावे तसे. त्याच्या डोळ्यांत न बघता एकेक पाऊल मागे टाकत गेले. त्याने फुस्स करून नाकातून हवा सोडली, चारही पाय टेकले आणि झुडपांत शिरले. सगळे मिळून मिनिटभर झाले असेल. त्यानंतर मी एका दगडावर बसून डबा काढला. अस्वल गेले होते, समोर कुणी नव्हते, तरी थरथरत्या बोटांनी त्याची सुरक्षा-क्लिप मला तीनदा प्रयत्न करूनही निघाली नाही.

आता चौकटीतल्या सूचनांकडे. काळे अस्वल झाडावर आपल्यापेक्षा कितीतरी सफाईने चढते, ग्रिझलीलाही वेळ पडल्यास चढता येते. शिवाय झाडाकडे धावणे म्हणजे पळणेच. मेल्याचे सोंग हे दोन मित्रांच्या त्या गोष्टीमुळे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पण अस्वल नुसते दिसल्यावर आडवे पडायचे नसते. दचकलेल्या ग्रिझलीने प्रत्यक्ष अंगाला हात घातला तरच पालथे पडायचे, सॅक पाठीवरच राहू द्यायची, बोटे मानेमागे गुंफायची, पाय फाकवायचे म्हणजे ते सहज उलथवू शकत नाही. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर याच्या बरोबर उलट, मिळेल त्याने प्रतिकार करायचा. आवाज न करता चालण्याच्या सल्ल्याविषयी वर लिहिलेच आहे.

रात्रीची सावधगिरी लेखात मुळी नाहीच. अन्नच काय, टूथपेस्ट आणि ओठांचे मलमदेखील तंबूत ठेवायचे नाही, दोन झाडांमध्ये बांधलेल्या आडव्या दांड्यावरून दोरीने उंच टांगायचे. पहिल्या रात्री दोरी दांड्यावरून पलीकडे टाकायला मला अकरा प्रयत्न लागले. स्वयंपाकाची जागाही तंबूपासून शंभर पावले लांब. थकून आल्यावर ही शंभर पावले फार जिवावर येतात, पण झोप लागते.

एक विनंती आहे. पुढच्या अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, आणि लेखासोबतच्या छायाचित्राचीही. त्यात एक तरुण बायसनकडे पाठ करून सेल्फी घेतो आहे. मी वर्तमानपत्रावर पट्टी ठेवून मोजले. बायसन आणि तो तरुण यांच्यात फार तर सहा मीटर अंतर असावे, आणि बायसनची शेपटी वर आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका