गाळात दडलेला मान्सून

महोदय,

मान्सूनचा अंदाज दरवर्षी चर्चेत येतो, पण त्याचा लाखो वर्षांचा इतिहास अरबी समुद्राच्या तळाशी गाळात साठला आहे, याकडे क्वचितच लक्ष जाते. २०१५ मध्ये ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या समुद्रतळ खोदणाऱ्या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी तळाखाली सुमारे ११०० मीटरपर्यंत खोदून नमुने काढले. अशा गाळातील फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून) प्राचीन हवामान उलगडते. याच खोऱ्यात रामन, पणिक्कर आणि वाडिया हे ज्वालामुखीजन्य पर्वत बुडालेले आहेत (शास्त्रज्ञांची नावे डोंगरांना, तीही पाण्याखाली!). ते जहाज २०२४ मध्ये निवृत्त झाले. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांत जाणकार संशोधक असताना, इतके खोल खोदणारे स्वतःचे संशोधन जहाज उभारण्याचा विचार केंद्र सरकारने करावा.

— एक वाचक, पणजी