काव्यवाचनाला रंगमंच हवा

मंगेश पाडगावकरांची कविता आजच्या मुलांना पाठ्यपुस्तकात भेटते, पण ती रंगमंचावरून ऐकण्याची कविता होती. १९२९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या कवीने विंदा करंदीकर व वसंत बापट यांच्यासह ठिकठिकाणी काव्यवाचन केले, आकाशवाणीत नोकरी केली, श्रीनिवास खळे आणि यशवंत देव यांच्या चालींनी घराघरांत पोहोचलेली भावगीते लिहिली आणि वात्रटिकांनी श्रोत्यांना मनमुराद हसवले. हसवणारा कवी कमी प्रतीचा, हा समज मला मुळीच मान्य नाही. कारण ज्या ‘सलाम’ संग्रहाला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातील शीर्षककविता ऐकताना श्रोता आधी हसतो आणि मग अस्वस्थ होतो.

ठाणे महापालिकेने गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहात महिन्यातील एक सकाळ सवलतीच्या भाड्यात केवळ काव्यवाचनासाठी राखून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नाटकाप्रमाणे कवितेलाही चांगली ध्वनियंत्रणा आणि तिकीट काढून येणारा श्रोता मिळायला हवा. सत्कार समारंभात पाच मिनिटांत उरकलेल्या वाचनातून सादरीकरणाची कला जाणणारा कवी घडणार नाही.

– एक काव्यप्रेमी, नौपाडा, ठाणे