अनुदानाचा पहिला हप्ता तालमीआधी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिका आणि नगरपालिकांच्या अर्थसंकल्पात कला-संस्कृतीसाठी किती रक्कम धरली, यावर दरवर्षी बोलले जाते. ती रक्कम नाट्यसंस्थेच्या किंवा लोककला पथकाच्या खात्यात कोणत्या महिन्यात जमा होते, याची विचारणा मात्र फारशी होत नाही. आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांची १८ कामे दिली आहेत. सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हे त्यातले तेरावे. प्रत्यक्षात अशा खर्चाकडे ऐच्छिक म्हणूनच पाहिले जाते आणि पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे भेडसावणाऱ्या सोलापुरात पहिली कात्री त्यालाच लागते. उरलेली रक्कम प्रयोग झाल्यावर बिले पाहून द्यायची, ही प्रतिपूर्तीची पद्धत रस्त्याच्या कंत्राटदाराला परवडते, कारण त्याच्याकडे भांडवल असते. हौशी नाट्यसंस्थेकडे किंवा हलगी पथकाकडे ते नसते.

एका दोन अंकी नाटकाचा हिशेब मांडून पाहू. समजा एकूण खर्च १ लाख २० हजार रुपये आहे. त्यात नेपथ्य ३० हजार, प्रकाशयोजना १५ हजार, वेशभूषा व रंगभूषा १५ हजार, तालमीची जागा आणि चहापाणी १२ हजार, नाट्यगृहाचे भाडे १५ हजार, कलाकार व तंत्रज्ञांचे मानधन २४ हजार, प्रसिद्धी ५ हजार आणि लेखापरीक्षण ४ हजार. यातले नेपथ्य, कपडे, तालीम आणि नाट्यगृह, म्हणजे ७२ हजार रुपये, पडदा उघडण्याआधीच द्यावे लागतात. सुतार लाकूड आणायला आगाऊ मागतो आणि नाट्यगृहाची तारीख भाडे भरल्याशिवाय पक्की होत नाही. हे ७२ हजार शेकडा दोन रुपये महिना व्याजाने उचलले आणि अनुदान आठ महिन्यांनी आले, तर व्याज होते ११,५२० रुपये. ते अनुदानाच्या हिशेबात मंजूर होत नाही, तेव्हा कात्री लागते कलाकारांच्या मानधनाला. २४ हजारांतले जवळजवळ निम्मे असेच जातात.

म्हणून मंजुरीपत्रासोबत ६० टक्के, प्रयोगाच्या आठवड्यात ३० टक्के आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर १० टक्के, असे तीन हप्ते ठरवावेत. पहिला हप्ता घेऊन संस्था गायब होईल ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून तालमीच्या काळात पालिकेच्या माणसाने एकदा जाऊन पाहावे आणि तारखेसह अहवाल लिहावा. दुसरा हप्ता त्या अहवालावर सोडता येईल.

वेळापत्रकही कलेच्या वर्षाला धरून हवे. पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव नारळी पौर्णिमेला असतो, लेझीम आणि हलगी पथके गणेशोत्सवासाठी पावसाळ्यातच सराव धरतात, सिद्धेश्वर यात्रा संक्रांतीला भरते. मार्चअखेर मंजूर झालेले अनुदान यातल्या कशाच्याच कामी येत नाही. ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवण्याच्या घाईत मग स्मरणिका, फलक आणि सत्काराच्या शाली यांवर पैसे जातात. अर्ज एप्रिलमध्ये मागवावेत, छाननी मेमध्ये व्हावी, आणि पहिला हप्ता जूनअखेर मिळावा.

आता संस्थांच्या बाजूचे दोष. ते आम्ही जवळून पाहतो आणि त्यातले बहुतेक टाळता येण्यासारखे आहेत. सर्वांत जास्त प्रकरणे अडतात ती बदल अर्जामुळे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला नसला, की बँकेत सही जुन्या अध्यक्षांची आणि अनुदानाच्या अर्जावर नव्या अध्यक्षांची अशी स्थिती होते. मंजूर रक्कमही मग पडून राहते. अर्ज करण्याआधी परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय नोंदीचा, ताजा उतारा काढून तीच नावे बँकेत आहेत का, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि लेखकाचे लेखी संमतिपत्र सुरुवातीलाच जोडावे. तालमी रंगात आल्यावर संमती मागायला गेले आणि नकार आला, तर झालेला खर्च कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही.

बिलांबाबत एक साधी गोष्ट. पेट्रोल पंपाची आणि बऱ्याच दुकानांची बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेले असे बिल लेखापरीक्षणापर्यंत कोरे पडते आणि खर्च नामंजूर होतो. बिल हातात येताच त्याची झेरॉक्स काढावी, दोन्ही कागद एकत्र टाचावेत आणि मागे प्रयोगाचे नाव व खर्चाचे शीर्ष लिहावे. ५ हजारांवरील रोख मानधनाच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. सनदी लेखापालाच्या विनियोग प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे १८ अंकी ओळख क्रमांक, आहे की नाही हे सादर करण्याआधी तपासावे. फेब्रुवारी २०१९ पासून तो बंधनकारक आहे.

लोककलावंतांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळीच वागणूक हवी. गोंधळी, भारूड मंडळी, हलगीवाले यांच्याकडे ना लेटरहेड असते ना छापील बिलबुक. त्यांच्याकडे तीन कोटेशने मागणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणे. नाव, पत्ता, कार्यक्रमाची तारीख, रक्कम आणि बँक खाते एवढाच मजकूर असलेली एक पानी मानधन पावती पालिकेनेच छापून द्यावी आणि रक्कम थेट कलावंताच्या खात्यात भरावी. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी क्रमांक चालत नाही आणि रक्कम परत येते. आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरे, हेही नेहमीचे. म्हणून अर्जासोबतच एक रुपया पाठवून खाते तपासून घ्यावे.

शिवाय अनुदानात वाद्यांच्या दुरुस्तीचे शीर्ष हवे. हलगीचे कातडे बकऱ्याचे असते. पावसाळी हवेत ते ओलावा धरून सैल पडते आणि वादकाला दर काही वेळाने जाळावर शेकून ते ताणून घ्यावे लागते. शेकून शेकून कातडे कोरडे पडते आणि ऐन मिरवणुकीत फाटते. ढोलकीची शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा लेप, तीही उडते. तरी फलकाच्या छपाईला पैसे मिळतात आणि कातडे मढवायला मिळत नाहीत, याचे आम्हाला फार वाईट वाटते. नोंदणी नसलेल्या पथकांसाठी २५ हजारांपर्यंतच्या अनुदानाचा छोटा गट ठेवावा आणि एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाला पालक संस्था म्हणून घ्यावे. कोणाला किती रक्कम जाणार हे मात्र करारात आधीच लिहिलेले असावे, नाहीतर पालक संस्थाच मालक होते.

सगळेच पैशाने द्यावे लागते असेही नाही. हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह महापालिकेचेच आहे. एका हाताने १५ हजारांचे अनुदान देऊन दुसऱ्या हाताने तेच भाडे घेण्यापेक्षा वर्षातल्या ठरावीक तारखा मंजूर संस्थांसाठी राखून ठेवाव्यात. तालमींसाठी महापालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी ७ ते १० खुले करावेत. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरातली कलाकार मंडळी त्याच वेळी मोकळी होतात. तेलुगू भाषकांची वस्ती असलेल्या पूर्वभागात शाळा असेल तर तेलुगू मंडळींचाही येण्याजाण्याचा खर्च वाचतो. वीज आणि पहारेकऱ्याचा खर्च अनुदानातून वळता करता येईल.

निवड समितीत कलेतली जाणती माणसे हवीत, आणि मराठीइतकीच तेलुगू, कन्नड व उर्दू कार्यक्रमांची जाण असणारीही. सदस्याच्या स्वतःच्या संस्थेचा अर्ज आला, तर त्याने त्या वेळी बाहेर बसावे आणि तशी इतिवृत्तात नोंद व्हावी. १०० गुणांपैकी किमान २० गुण अंदाजपत्रकाच्या खरेपणाला द्यावेत, कारण फुगवलेला खर्च तिथेच पकडता येतो. ज्यांना नकार मिळाला, त्यांना मिळालेले गुण लेखी कळवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्ज सुधारतो.

येत्या एप्रिलमध्ये अर्जाचा नमुना, मानधन पावती आणि गुणांचा तक्ता हे तीन कागद प्रत्येक झोन कार्यालयात मराठीसह शहरातल्या चारही भाषांत ठेवावेत, अशी आमची महापालिका प्रशासनाला विनंती आहे.

कळावे,
आपले,
नाट्य व लोककला क्षेत्रातील काही कार्यकर्ते, सोलापूर