रुग्णवाहिकेवरच्या मुलांना नर्सिंगचा खरा रस्ता सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नोकरी सांभाळून नर्सिंग’, ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा जाहिरातींना सगळ्यात आधी फसतात ती रुग्णवाहिकेवर काम करणारी मुले-मुली. आपल्याकडे १०८ च्या गाडीवर डॉक्टर आणि चालक असतात. आपत्कालीन तंत्रज्ञ म्हणून शिकलेली मुले बहुतेक खासगी रुग्णवाहिकांवर, कॅज्युअल्टीत किंवा कारखान्यांच्या प्रथमोपचार कक्षात काम करतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याचा रुग्ण नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी किंवा धंतोलीतल्या खासगी रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचतो, त्यात त्यांचा वाटा मोठा असतो. पण पगार वाढत नाही, पाठ धरते आणि मग नर्सिंगचा विचार येतो. विचार चांगलाच आहे. रस्ता मात्र त्यांना कुणी नीट सांगत नाही.

पहिली गोष्ट: आपत्कालीन सेवेचा अनुभव कितीही असला तरी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही. अमेरिकेत पॅरामेडिकला नर्स होण्यासाठी जोड-अभ्यासक्रम आहेत, आपल्याकडे तशी सोय नाही. तंत्रज्ञ २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याखाली येतात, परिचारिकांची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे होते. दोन्ही नोंदवह्या वेगळ्या. म्हणून सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, तीन वर्षांची. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के हवेत, वय १७ ते ३५. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, खुल्या वर्गाला ४५ टक्के, शिवाय राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते.

नोकरी करत हे होत नाही. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी वॉर्डातले प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. जी संस्था हजेरीत ‘सांभाळून घेऊ’ म्हणते, तिचे प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी कागदाचा तुकडा ठरण्याची भीती असते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत संस्था आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, आणि सराव नेमक्या कुठल्या रुग्णालयात, किती खाटांच्या? बारावीनंतर मध्ये वर्षे गेली असतील तर खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच करून ठेवा. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात यासाठी धावपळ करणारे हमखास मागे पडतात.

वयाचा हिशेब तर कुणीच मांडून दाखवत नाही. एम्सच्या नॉर्सेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेला खुल्या वर्गासाठी कमाल वय ३० आहे. जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणजे २६ व्या वर्षी जीएनएमला बसलेला मुलगा अर्ज करण्याजोगा होईपर्यंत ३१ चा झालेला असतो. त्याच वयात बीएस्सीला गेला तर निदान ३० व्या वर्षी एखादी संधी मिळू शकते. शिवाय एम्समधल्या या जागांत स्त्रिया ८० टक्के, पुरुष २० टक्के असे प्रमाण ठरलेले आहे, हे मुलांनी आधीच लक्षात घ्यावे. मूळ वेतन ४४,९०० असल्याने चुरस मोठी असते.

आता कामाबद्दल. ‘आम्हाला सगळे येते’ या समजुतीने ही मुले वॉर्डात येतात आणि नेमकी तिथेच अडखळतात. गाडीत एक रुग्ण, अर्धा-पाऊण तास. वॉर्डात एका पाळीत अनेक रुग्ण. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, पण सरकारी वॉर्डात तो पाळला जाताना क्वचितच दिसतो. धावत्या गाडीत इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) टोचणे हा हातखंडा खरा, पण तिथे निर्जंतुकतेची खात्री नसते, म्हणून तसा टोचलेला इंट्राकॅथ लवकरात लवकर, ४८ तासांच्या आत बदलावा लागतो आणि नव्यावर तारीख-वेळ लिहावी लागते. सलाईन गाडीत ‘फुल’ सोडायची सवय असते. वॉर्डात ५०० मिली चार तासांत द्यायचे तर मिलीला २० थेंब सोडणाऱ्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब मोजून लावायचे. हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्याला हे चुकले तर फुप्फुसांत पाणी भरते.

औषधांत तर फारच जपावे लागते. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचे एकक) असतात. ते थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते, म्हणून ते नेहमी बाटलीत मिसळून, सावकाश आणि दुसऱ्या परिचारिकेला दाखवूनच द्यायचे. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० च्याही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने भरले तर डोस अडीचपट जातो आणि रुग्ण पहाटे बेशुद्ध सापडतो. तोंडी ऑर्डर गाडीत चालते. वॉर्डात ती फक्त आणीबाणीत घ्यायची, मोठ्याने परत म्हणून दाखवायची आणि नंतर डॉक्टरांची सही घ्यायची. दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवी मोजणे, प्रसूतीत पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता, भरणे, ही कामे दिसायला साधी. वॉर्डात माणूस वाचतो तो यांवरच.

त्यांची जुनी शिदोरी वाया मात्र जात नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, उष्माघाताचा रुग्ण आला की आधी थंड करायचे, मग बाकीचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. छातीदाबाची गती मिनिटाला १०० ते १२० ठेवायला हात आधीच तयार असतात. नर्सिंगची नोंदणी आणि एका वर्षाच्या अनुभवानंतर आपत्कालीन व आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो, तिथे ही मुले चमकतात.

म्हणून विद्यापीठ आणि शासनाकडे दोन मागण्या आहेत. या उमेदवारांची कौशल्य चाचणी घेऊन प्रथमोपचार व पुनरुज्जीवनाच्या प्रात्यक्षिकांपुरती तरी सूट द्यावी. औषधशास्त्र, प्रसूती आणि सामाजिक परिचर्येत एका तासाचीही सूट नको. आणि मान्यताप्राप्त नर्सिंग संस्थांची जिल्हानिहाय मराठी यादी, ‘थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही’ या ठळक ओळीसह, मेडिकल आणि मेयोच्या कॅज्युअल्टीबाहेर, रुग्णवाहिका थांबतात तिथे, प्रवेश सुरू होण्याच्या महिनाभर आधी लावावी.

आपली,
एक परिचर्या शिक्षिका, नागपूर