चार ग्रॅम जास्त

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. सात महिन्यांत पत्र नाही. तुझे तीन फोन मी उचलले नाहीत, चौथा हिने उचलला आणि "ते मागच्या पडवीत मोरचूद ढवळतायत" असं तुला सांगून टाकलं. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर होती तेवढीच आहे.

आज लिहायला बसलो ते एका बुटामुळे. लहान मुलाचा, चामड्याचा, पट्टीचा नव्हे नाडीचा, आणि एकच. टाचेपासून टोकापर्यंत अकरा सेंटिमीटर, वजन 38.6 ग्रॅम. परवा वरच्या वाड्यातले आप्पा घेऊन आले. कोणाचा ते तुला सांगायला नको. दुसरा कुठे राहिला तेही नको. "तांब्यात मढव, वर चांदी चढव," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. करतोस की नाही ते विचारायला मंगळवारी सकाळी येणार आहेत.

तू म्हणशील, मग कर की, एवढा धंदा काढलायस तो कशाला. आधी हिशेब बघ. विम्याच्या ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला हिशेबाशिवाय काही पटत नाही, आणि अण्णांच्या पेनाच्या निबाबद्दल तर तू मला अजून माफ केलेलं नाहीस. (दहा मिनिटं तूच म्हणाला होतास. नायट्रिकमध्ये दहा मिनिटं! होळकर कॉलेजातून आपण दोघं पास कसे झालो हेच कोडं आहे.)

विजेने तांबं चढवायची टाकी दहा लिटरची, प्लॅस्टिकची. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, दोन किलो, केमिकलवाल्याकडचा. बागेवर फवारायचा स्वस्त पडतो, पण त्यातल्या घाणीने थर खरखरीत येतो. ॲसिड बॅटरीवाल्याकडचं सव्वा लिटर. म्हणजे लिटरमागे पन्नासेक ग्रॅम सल्फ्युरिक झालं. बाकी पाणी डिस्टिल्ड. आपलं नर्मदेचं नळाचं पाणी प्यायला अमृत, टाकीला विष, कारण त्यातला चुना आणि क्लोरीन दोन्ही नडतात. गंमत म्हणजे क्लोराइड थोडं लागतंच, म्हणून सबंध टाकीला मोजून एक ग्रॅम मीठ. ही म्हणाली, आमटीला तरी असं मोजून टाकत जा. वर चकाकी आणणारं औषध डब्यावर लिहिलंय तेवढं. धन बाजूला फॉस्फरस घातलेल्या तांब्याच्या पट्ट्या, कापडी पिशव्यांत. साधी तांब्याची पट्टी लावली की तिची भुकटी सुटते आणि मालावर जाऊन बसते. माशांच्या टाकीतला हवेचा पंप लावून पाणी हलतं ठेवलंय. रंगपंचमीला मात्र टाकी झाकायची राहिली. गेरच्या मिरवणुकीतला गुलाल राजवाड्यावरून इथवर कसा आला कोण जाणे, पण त्या दिवशी टाकीत असलेल्या झाडाच्या पानावर साबुदाण्याएवढे दाणे उठले.

पानं, शिंपले, रुद्राक्ष, मुंजीतली सुपारी हे सगळं सरळ आहे. बूट सरळ नाही. चामडं, शिवण, अस्तर, तळवा, नाडीची भोकं, सगळंच पाणी पिणारं. त्यामुळे खरं काम टाकीच्या आधीच असतं. जुनं पॉलिश आणि मेण पांढऱ्या पेट्रोलने काढायचं. मग बंद डब्यात सिलिका जेल घालून बूट सुकवायचा आणि रोज वजन करायचं. लागोपाठ दोन दिवस काटा हलला नाही म्हणजे सुकला. मग लेप. मी चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात देत होतो, दोन हातांमध्ये एक रात्र सोडून. चपडा ॲसिडला दाद देत नाही, पण सोड्यात विरघळतो, म्हणून तांबं पूर्ण चढेपर्यंत सोड्याच्या पाण्याजवळ न्यायचा नाही. लेपावर ग्रॅफाइटचा रंग, वीज वाहावी म्हणून. मीटरची एक सुई टाचेला, एक टोकाला. हजार ओहमच्या आत वाचन आलं तरच पुढे जायचं.

टाकीत बूट तिरपा सोडायचा, तोंड वर, म्हणजे आतली हवा निघून जाते. अडकलेल्या बुडबुड्याखाली तांबं चढत नाही. पहिले दोन तास फक्त अर्धा ॲम्पिअर. तांबूस रंग वायरपासून निघतो आणि मेंदी चढावी तसा सरकत जातो. घाई करून करंट वाढवलास तर वायरपाशी तपकिरी जळकी भुकटी होते आणि पुढे ग्रॅफाइट उघडंच राहतं. सगळा बूट तांबडा झाला की चार ॲम्पिअर, बारा तास. बूट बाहेरून साधारण दोन चौरस डेसिमीटर धरला तर थर येतो तीनशे मायक्रॉनच्या, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या वर. मध्ये वीज गेली तर थरावर थर नीट धरत नाही, पापुद्रा सुटतो, म्हणून इन्व्हर्टर. आतल्या पोकळीत करंट पोचत नाही, तिथे तांबं नावालाच.

आता खरं ऐक. फॅराडेचा नियम आठवतो ना, जेवढी वीज तेवढा धातू? तांब्याला अँपिअर-तासामागे 1.185 ग्रॅम. अर्धा गुणिले दोन, अधिक चार गुणिले बारा, एकूण 49 अँपिअर-तास, म्हणजे 58 ग्रॅम. या टाकीत करंट वाया जात नाही म्हणावं इतका थोडा जातो, त्यामुळे धुऊन, सुकवून काट्यावर ठेवल्यावर बुटाचं वजन 58 नेच वाढायला हवं. राजवाड्याच्या फुटपाथवरून चार जुने बूट आणले होते तालमीला. पहिला, दुसरा, चौथा अर्ध्या ग्रॅमच्या आत बरोबर. तिसरा 62.2.

ते चार ग्रॅम तांबं नव्हे, बंड्या. ते टाकीतलं पाणी, आत शिरून कोंडलेलं. दिसायला तिसरा बूट चौघांत देखणा. सोड्याच्या पाण्याने धुतला, पंख्याखाली दोन दिवस ठेवला, तरी चार ग्रॅम तिथेच, कारण बाहेर यायला वाटच नाही. खिडकीत ठेवून दिला. बाराव्या दिवशी शिवणीतून मोहरीएवढा हिरवा ठिपका फुटला, आता तो हरभऱ्याएवढा आहे. गिऱ्हाइकाच्या काचेच्या कपाटात हे दोन महिन्यांनी होणार, पावसाळ्यात, पैसे घेऊन झाल्यावर.

करवतीने कापून बघितला. शिवणीचा दोरा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढतो, ही एक वाट. दुसरी आणि मोठी वाट म्हणजे नाडीच्या भोकांच्या धातूच्या कड्या. लोखंडाची कडी ॲसिडात गेली की तिच्यावर तांबं बसल्यासारखं दिसतं, पण ते धरत नाही, खालून लोखंड खाल्लं जातं आणि भोक मोकळं होतं. त्यात चूक माझीच. लेप झाल्यावर त्याच भोकातून वायर ओवली, चपडा काचेसारखा ठिसूळ, तडकला. वायर आधी, लेप मागाहून, हे मी पीथमपूरला पोरांना ओरडून शिकवायचो.

पाचव्या बुटाला वायर आधी बांधली, चपड्याऐवजी लवचिक पॉलियुरेथेन वापरलं, कड्यांवर एपॉक्सी भरलं. शिवाय बरणीत बूट लेपात बुडवून जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरने बरणीतली हवा ओढली. दोऱ्यांतून बुडबुडे यायचे थांबले की हवा परत सोडायची. मग लेप धाग्याच्या आत जाऊन बसतो. जादा वजन 0.6 ग्रॅम आलं. चांगलं आहे. शून्य नाही.

आप्पांच्या बुटाला आठ कड्या आहेत, लोखंडाच्या. दोन गंजून फुटल्यात.

तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. अडलंय दुसरीकडे. टाचेवर आडवी रेघ आहे, आठवते? अंगणातल्या फरशीवर घासून काढलेली. आणि टोकाला दातांच्या खुणा, त्या बहुतेक तुमच्या मोत्याच्या. आता बघ, लेपाचे हात, वर ग्रॅफाइट, वर तीनशे मायक्रॉन तांबं. तांबं बाहेरच्या अंगाने वाढतं तेव्हा कडा जाड करतं आणि खाचा बुजवतं. बूट बूटच दिसेल, पण गुबगुबीत, कोणाचाही. रेघ गेली. दात गेले.

हुबेहूब यायला उलटं करावं लागतं. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने 1838 मध्ये पीटर्सबर्गला ही विद्या काढली ती साच्याची. तांब्याचं जे अंग साच्याला चिकटलेलं असतं त्यावर केसासारखी रेघही उतरते. म्हणजे बुटाचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा, त्याला आतून ग्रॅफाइट चोळायचं, तांबं आतून चढवायचं. दोन अर्धे करून झाळायचे. बूट टाकीत जाणारच नाही, आप्पांच्या हातात जसाच्या तसा परत. दातसुद्धा मोजता येतील. फक्त आत बूट नसेल, पोकळ तांबं असेल.

म्हणजे आत खरा बूट हवा असेल तर वरचा चेहरा खोटा, आणि चेहरा खरा हवा असेल तर आत काही नाही. आप्पांना कुठलं हवंय? "मढव" म्हणाले. मढव म्हणजे आत तो असला पाहिजे, असंच ना? का त्यांना नुसतं कपाटात ठेवायला काहीतरी चकचकीत हवंय, रोज ते चामडं हातात घ्यायला नको म्हणून? मला विचारायची हिंमत झाली नाही. तू तिथे असतास तर विचारलं असतंस, तुला लाज नाही.

एक पाप मनात येऊन गेलं तेही लिहितो. साच्यातून करून द्यायचा, आत प्लॅस्टर भरून वजन जुळवायचं, आणि बूट आतच आहे म्हणायचं. कोणाला कळणार नाही. मग खरा बूट मी ठेवू कुठे, इथपर्यंत विचार गेला आणि अंगावर काटा आला.

चांदीचं म्हणशील तर ती मी चढवणारच नाही. चांदीची टाकी सायनाइडची. ती आणि ॲसिडची टाकी एका छपराखाली आली की घरात माणसं राहायची नाहीत. तांबं झालं की चांदीसाठी सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत पॉलिशवाल्याकडे पाठवायचं. धंदाही आज ना उद्या तिकडेच न्यावा लागेल. मुलाम्याचं काम प्रदूषण मंडळाच्या लाल यादीत, संमतीशिवाय गिऱ्हाइकाचा एक पैसा घेता येत नाही, आणि घराच्या पडवीला संमती कोण देणार? आत्ता सगळं तालमीचं आहे. धुतलेलं पाणी बाष्पाने टाकी उतरली की तिच्यातच परत घालतो, उरलेल्यात चुना टाकून तांबं खाली बसवतो, गाळ पिंपात. एक थेंब मोरीत नाही. कान्ह नदीची आधीच काय दशा आहे ते तुला माहीत आहे.

पैशाचं विचारशीलच. 58 ग्रॅम तांबं म्हणजे दोन प्लेट पोहे-जलेबी. बाकी सगळी मजुरी, सुकवण्या-लेपण्याचे दहा-बारा दिवस. ओहायोतल्या कोलंबसला 1934 साली व्हायलेट शिनबाक नावाच्या बाईंनी बाळांचे बूट मढवायचा धंदा काढला, तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. लोक ब्राँझ म्हणायचे, असायचं तांबंच. तेव्हा धंद्यात दम नाही हे तुझं म्हणणं मला मान्य नाही. वस्तू घेताना मात्र कागद करणार: फोटो, वजन, "एकदा मढवलं की परत काढता येत नाही" या ओळीखाली सही. आप्पांकडून ती सही मी घेऊ?

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं की पुढे ढकललं? चिरंजीवांची बदली भरूचला झाल्याचं कळलं, बडोद्याहून रोज जाऊन-येऊन करता येईल, बरं झालं. दांडिया बाजारातलं घर विकू नकोस, मागेही सांगितलंय.

सोमवारी रात्री नऊनंतर फोन कर. उचलीन.

तुझा,
गोट्या

ता. क. बूट आत्ता सिलिका जेलच्या डब्यात आहे. काल रात्री 38.1 होता, आज 37.9. म्हणजे अजून सुकतोय. मंगळवारपर्यंत काटा थांबणार नाही, त्यामुळे आप्पांना दोन दिवस खरं कारण सांगून टाळता येईल. त्यापुढे नाही.