सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

लेस्टर (इंग्लंड),
७ मे २०२३

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि ओट्यावर बसलेली निम्मी आळी ऐकते. म्हणून पत्र. दुपारी आईचं आवरून झालं की तिला मोठ्याने वाचून दाखवा, फक्त दार लोटून घ्या.

आधी चांगलं सांगते. मला क्यूटीएस मिळालं. म्हणजे इथल्या सरकारच्या लेखी मी आता पात्र शिक्षिका आहे. आता दुसरं. २०२० च्या जानेवारीत मी 'शाळेत लागले' म्हणून कळवलं आणि बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, ती नोकरी शिक्षिकेची नव्हती. मी टीचिंग असिस्टंट होते. आपल्या भाषेत मदतनीस. फळ्याकडे तोंड करून नाही, वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात एका मुलाशेजारी बसायचं, त्याला गणित वाचून दाखवायचं, त्याचं पेन हरवलं तर दुसरं द्यायचं, जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये उभं राहायचं. कुणी पडलं, धडपडलं की ओला पेपर टॉवेल दाबून धरायचा. या देशात ओला पेपर टॉवेल हे शाळेतल्या सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे, आपल्याकडे हळद तसं.

कराडात नऊ वर्षं दहावीच्या वर्गाला बीजगणित शिकवलेली बाई मी. एकदा समोरचे सर फळ्यावर अपूर्णांकांच्या भागाकारात अडखळले. मला मागून उत्तर दिसत होतं आणि मी गप्प बसले होते. त्या दिवशी घरी येऊन रडले. तुम्हाला फोन केला तेव्हा सांगितलं, सर्दी झालीय.

आई, तुला बहुतेक तेव्हाच कळलं असावं. 'वह्या तपासायला आणतेस का घरी?' असं तू दोनदा विचारलं होतंस, आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला.

इथे नियम असा आहे की परदेशात शिकलेल्या शिक्षकाला कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, शाळेत क्यूटीएसशिवाय चारच वर्षं शिकवता येतं. पहिल्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं आणि मध्ये तुम्ही गावाला जा, आजारी पडा, ते थांबत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात शाळेने मला वर्ग दिला, पगार मात्र अपात्र शिक्षकाचा. 'अनक्वालिफाइड' हा शब्द पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला छापून यायचा. बी.एड.ला विशेष प्राविण्य मिळवलेल्या मुलीला!

तेव्हा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका इथल्या शिक्षकांना नुसता अर्ज केला की क्यूटीएस मिळत होतं. आपल्याला नाही. आपल्यासाठी एक तर वर्षभराचं प्रशिक्षण पुन्हा करायचं, नाहीतर 'असेसमेंट ओन्ली'. म्हणजे शिकवणार कुणी नाही, फक्त तपासणार. अनुभव हवा, निदान दोन शाळांमधला हवा, आणि लागोपाठच्या दोन वयोगटांना शिकवून दाखवायला हवं. मी दुसरा रस्ता धरला. फी माझ्या साठवणीतून भरली, आपले अडीच लाखांच्या वर रुपये. जावयांनी एका शब्दाने विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

बाबा, तुम्ही मागच्या पावसाळ्यात दोनदा एसटीने कोल्हापूरला विद्यापीठात गेलात ना, ते यासाठी. मी 'बढतीसाठी कागद हवेत' म्हणाले होते. इथे आपल्या पदव्या इथल्या कुठल्या पदवीच्या तोडीच्या, याचा दाखला एनिक नावाची संस्था देते. माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग तुमचं, आणि पासपोर्टवर तुमच्या जागी जावयांचं नाव. ही एकच बाई आहे हे पटवायला तीन ईमेल, लग्नाचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. शिवाय इंग्रजी आणि गणित इथल्या सोळा वर्षांच्या मुलाइतकं येतं हे दाखवावं लागतं. गणिताचं माझ्या कागदांवरून मान्य झालं. इंग्रजीची परीक्षा मात्र दिली. अडतीसाव्या वर्षी, घरात दिवा लावून, देवाला साखर ठेवून. आई, हसू नकोस.

मग या जानेवारीत तपासणी सुरू झाली. आठ मानकं असतात. मुलांकडून मोठी अपेक्षा ठेवता का, विषय येतो का, वर्गाला शिस्त आहे का, मागे पडणाऱ्या मुलासाठी काय बदललंत, असं एकेक. प्रत्येकाला पुरावा लागतो. नियोजन, मुलांच्या वह्यांचे फोटो, पालकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी. माझी फाइल आपल्या रेशनच्या पोत्यासारखी फुगली होती. एका मानकात असंही आहे की तुम्ही गणित शिकवा नाहीतर चित्रकला, शुद्ध इंग्रजीचा आग्रह धरणं ही तुमची जबाबदारी. त्याची मला सगळ्यात जास्त भीती. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मध्ये मी अजून गडबडते.

फजिती मात्र इंग्रजीने नाही, मराठीने केली.

आठवीचा वर्ग, म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलं. मागे परीक्षक बाई वही घेऊन बसलेल्या. इथे प्रत्येक मुलाकडे पाटीएवढा छोटा पांढरा फळा असतो. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, आणि 'तीन, दोन, एक' म्हटलं की एकदम वर धरायचं. एका नजरेत कळतं कुणाला आलं, कुणाला नाही. आपल्या पाटी-पेन्सिलीचंच हे नातवंड, पण वापर मात्र हुशारीचा. मी समीकरण सोडवत होते. नव्वदातून त्रेचाळीस वजा करायचे होते. मनातली वजाबाकी अजून मराठीतच होते, बाबा, तुमच्याच आवाजात. मनात म्हटलं 'सत्तेचाळीस', सात आधी ऐकू आला, आणि हाताने मोठ्या फळ्यावर लिहिलं ७४. पाठ फिरवून बघते तर तीस फळे वर, सगळ्यांवर ४७.

मागच्या रांगेतला एक पोरगा, रोज शाई सांडणारा, म्हणाला, 'मिस, ते चुकलंय.' हात वर नाही, उभा राहिला नाही. इथे शिक्षक वर्गात आले तरी बऱ्याच शाळांत मुलं उठत नाहीत, पहिले सहा महिने मला तो अपमान वाटायचा.

कानशिलं तापली. पुसून पुढे जाता आलं असतं. पण मी खडू, म्हणजे मार्कर, खाली ठेवला आणि सांगितलं की माझ्या भाषेत एकक आधी बोलतात, सात आणि चाळीस, सत्तेचाळीस. त्यांना म्हणायला लावलं. 'सॅट्टेचॅलीस'चा जो कल्ला उठला! मग एक मुलगी म्हणाली, आम्हाला जर्मनच्या तासाला असंच शिकवतात, सात-आणि-चाळीस. सोमाली बोलणारा एक मुलगा घरच्या भाषेत आकडे म्हणून दाखवायला लागला. पाच मिनिटं माझ्या नियोजनात नसलेलंच चाललं होतं. मी मनात म्हटलं, गेले अडीच लाख.

बाबा, तुम्हाला आठवतं? २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं, तेव्हा तुम्ही किती तापला होतात. 'एकवीसला काय धाड भरली होती?' मी तेव्हा तुमच्याच बाजूची होते. आता विचाराल तर अर्धी आहे. एकवीस जाऊ नये हे खरं, पण ऐकलेलं आणि लिहिलेलं उलटसुलट होऊन मुलं चुकतात हे त्या समितीचं म्हणणं मी माझ्या हाताने फळ्यावर सिद्ध केलं.

परीक्षक बाईंच्या शेऱ्यात त्या चुकीचं एकच वाक्य होतं. या वर्गातली मुलं शिक्षिकेला तिची चूक सांगायला घाबरत नाहीत, आणि शिक्षिका ती चूक शिकवण्यासाठी वापरते. हे त्यांनी जमेच्या बाजूला लिहिलं होतं! मी तो कागद तीनदा वाचला. कराडात नऊ वर्षांत मला एकाही मुलाने 'बाई, चुकलं' म्हटलेलं आठवत नाही. नऊ वर्षांत मी एकदाही ७४ लिहिलं नसेल? लिहिलं असणार. साठ मुलांनी ते मुकाट वहीत उतरवून घेतलं असणार. ती मुलं आठवतात मला हल्ली, रात्री.

इथलं सगळंच चांगलं असं मात्र समजू नका. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला गणिताचे तीन पेपर, त्यातल्या दोन पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो. मुलं सात आठे छप्पनसाठीसुद्धा बटण दाबतात. तिथे मी कराडचीच.

आणि गंमत ऐका. फेब्रुवारीत, माझी तपासणी निम्म्यावर असताना, सरकारने जाहीर केलं की भारत, घाना, नायजेरिया, झिंबाब्वे अशा नऊ देशांतले शिक्षकही आता थेट अर्ज करू शकतात. भारतातल्यांसाठी विषय कुठले? गणित, विज्ञान आणि भाषा. अर्जाला फी नाही. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. शेजारच्या शाळेत नाशिकची एक मुलगी आहे, विज्ञानाची, तिच्यासाठी परवा मीच तो अर्ज भरायला बसले. तिच्यासाठीही तुमच्या कोल्हापूरसारखे हेलपाटे पुण्याला चालू आहेत.

खरं सांगायचं तर कमीपणा मदतनीस होण्यात नव्हता वाटला, तुम्हाला सांगण्यात वाटला. आणि तेही कुणाला? 'कमवा आणि शिका'त साताऱ्याला वसतिगृहाच्या शेतात पाणी धरून बी.ए. झालेल्या माणसाला. तुम्ही ते चारचौघांत किती ताठ मानेने सांगता, आणि मी तुमच्यापासून पेपर टॉवेल लपवला. पेढे मात्र परत मागता येत नाहीत, तेव्हा ते या वेळचे धरा. पुन्हा वाटू नका, गोड तुम्हाला बंद आहे.

प्रमाणपत्र टपालाने येत नाही, संगणकावरून आपणच छापून घ्यायचं असतं. एक प्रत सोबत ठेवलीय. तिला लॅमिनेशन करून दर्शनी भिंतीवर टांगू नका एवढीच विनंती. टांगणारच असाल तर देवघराच्या बाजूला टांगा, दिवाणखान्यात नको.

काल राजाचा राज्याभिषेक झाला, लंडनला दिवसभर पाऊस. उद्या त्याची सुट्टी आहे, म्हणून हे निवांत लिहून झालं. जुलैत शाळा सुटली की आम्ही येतोय, तिकिटं काढली आहेत. आई, गोडा मसाला जास्त कर, इथला संपत आलाय.

आणि बाबा, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत माझी जुनी अंकलिपी असेल, पावकी-निमकी-अडीचकीची. ती काढून ठेवा. इथल्या चौथ्या इयत्तेतल्या मुलांना जूनमध्ये पाढ्यांची परीक्षा असते, संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, बारा बारेपर्यंत. तुम्ही आम्हाला तीसपर्यंत म्हणायला लावायचा हे मी वर्गात सांगितलं, तर तो शाई सांडणारा पोरगा म्हणाला, खोटं. त्याला अडीचकी दाखवायची आहे.

तुमची,
वैशू

ता. क. आई, वह्या तपासायला घरी आणते. आत्ता टेबलावर सत्तावीस पडल्या आहेत.